माणसं मोजू नका, यंत्रं मोजा

भाईंदर पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीत पहिल्या मजल्यावर एक गाळा आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माझी तिथं एक फेरी ठरलेली. छोट्या कारखानदारांचे हिशेब आणि विवरणपत्रं भरणं हा माझा व्यवसाय. जिना चढतानाच प्रेसचा ठोका जाणवतो. कानांच्या आधी तो तळपायांना कळतो. आत चार पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, कोपऱ्यात बफिंगच्या दोन मोटरी आणि स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांचा ढीग. डब्यांच्या कड्या, झाकणांच्या मुठी, चमचे असा माल इथून निघतो. कामगार स्टुलावर बसतो, डाव्या हातानं पट्टी पुढे सरकवतो, पायानं पॅडल दाबतो. पंच खाली येतो, तुकडा सुटतो, पट्टी पुन्हा सरकते. दिवसभर हेच.

तिथले मिस्त्री पन्नाशीचे आहेत, खेडकडचे. त्यांच्या डाव्या हाताला तर्जनी नाही आणि मधलं बोटही नाही. दोन्ही मुळापासून गेलेली. बरीच वर्षं मी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. एकदा चहा पिताना विचारलं, "मिस्त्री, हे कसं झालं?"

"प्रेसनं डबल मारली, साहेब," ते म्हणाले. "पाय उचलला होता मी. तरी खाली आली." थोडा वेळ गेला आणि पुन्हा म्हणाले, "पाय उचलला होता."

हे वाक्य त्यांनी आजवर किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. मालकाला, डॉक्टरला, घरच्यांना. सांगण्याच्या पद्धतीवरून एवढं कळत होतं, की त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नव्हता.

प्रेस 'डबल मारते' म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं, कारण या लेखातला सगळा वाद त्यापाशीच येऊन थांबतो. जुन्या धाटणीच्या पॉवर प्रेसमध्ये जड फ्लायव्हील सतत फिरत असतं. पॅडल दाबलं की क्लचमधली किल्ली खाचेत बसते, फ्लायव्हीलची ताकद शाफ्टला मिळते आणि पंच खाली येतो. एकदा किल्ली बसली की पूर्ण फेरा संपेपर्यंत ही प्रेस थांबत नाही. मध्येच कुणी ओरडलं, हात अडकला, तरी नाही. फेरा संपल्यावर किल्ली बाहेर निघायला हवी. पण ती झिजली असेल किंवा तिची स्प्रिंग तुटली असेल, तर ती आतच राहते आणि पंच पुन्हा खाली येतो. नेमक्या त्या वेळी कामगाराचा हात डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला आत गेलेला असतो. पाय उचललेला असतो. हात मात्र आत असतो.

यात निष्काळजी कोण? पॅडलवरून पाय काढलेला माणूस, की किल्ली झिजेपर्यंत चालवलेली आणि पुढून उघडी ठेवलेली प्रेस?

कायद्याकडे या बोटांचा चोख हिशेब आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याला एक परिशिष्ट जोडलेलं होतं; नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलं. त्यात शरीराची टक्केवारी दिलेली आहे. अंगठा गेला तर कमावण्याची ताकद ३० टक्के गेली. पूर्ण तर्जनी १४ टक्के, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. तर्जनीची दोन पेरं गेली तर ११, एकच पेर गेलं तर ९. हाड शाबूत राहून नुसतं टोक उडालं तर ५. एका हाताची दोन बोटं एकदम गेली तर २०, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. मनगटापासून अख्खा हात गेला तर ६०.

२५ वर्षांचा तरुण, कायद्यानं हिशेबासाठी धरलेला महिना १५,००० रुपयांचा पगार. त्याची साठ टक्के रक्कम गुणिले त्या वयाचा २१६.९१ हा गुणक, म्हणजे सुमारे साडेएकोणीस लाख. पूर्ण तर्जनीचे त्यातले १४ टक्के, म्हणजे साधारण २ लाख ७३ हजार. दोन बोटांचे ३ लाख ९० हजार. माणूस कामगार विमा योजनेत असेल तर या एकरकमी भरपाईऐवजी त्याला मासिक रक्कम मिळते. हा सगळा हिशेब मी दहा मिनिटांत मांडू शकतो. आकडे मांडणं हेच माझं काम. पण ते बोट ज्या प्रेसमध्ये गेलं, ती कुठं आहे, किती जुनी आहे, तिची किल्ली शेवटची कुणी आणि कधी तपासली, हे सांगणारा एकही कागद माझ्या कपाटात नाही. बहुतेक गाळ्यांच्या बाबतीत तो सरकारच्या कपाटातही नसतो.

असं का होतं, याचं उत्तर 'कारखाना' या शब्दाच्या व्याख्येत आहे. कारखाना म्हणजे काय, हे आपला कायदा माणसं मोजून ठरवतो. १८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर किंवा जास्त माणसांच्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू होता. घातक यंत्रांना कुंपण घाला आणि अपघात कळवा, हे त्यातही होतं. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले. १९२२ साली वीस. स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या कायद्यानं वीज वापरणाऱ्या ठिकाणी ही अट दहावर आणली. ही उतरती भाजणी आपोआप आलेली नाही. १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांवर सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. रविवारची सुट्टी ही त्यातली मागणी आज सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, ती आपण विसरलो: कामावर जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पूर्ण पगार द्या, आणि तो कायमचा पंगू झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय करा. रविवारची सुट्टी १८९० साली मिळाली. भरपाईचा कायदा यायला १९२३ साल उजाडलं.

शंभर, पन्नास, वीस, दहा. सदुसष्ट वर्षांत कायद्याची नजर मोठ्या गिरणीवरून छोट्या कारखान्यापर्यंत पोचली होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेनं ती माघारी फिरवली. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी अट पुन्हा वीस, विजेविना चाळीस. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागू झाली. म्हणजे कारखाना कुणाला म्हणायचं, या एका बाबतीत आपण १९२२ सालात परत गेलो. दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना संहितेची इतर कलमं लागू होतात, हे खरं. पण 'कारखाना' या शब्दाबरोबर परवाना, आराखड्याची मंजुरी आणि यंत्रांची तपासणी येते. तो शब्द गेला की या सगळ्यावरचा हक्कही जातो.

आता हा आकडा मीरा-भाईंदरमध्ये ठेवून पाहा. एका बाजूला मिठागरं आणि खाडी, दुसऱ्या बाजूला महामार्ग, आणि मधे गोडदेव, नवघर, खारीगाव या जुन्या गावांना खेटून वाढलेली वस्ती. १९८५ साली नगरपालिका, २००२ साली महापालिका, २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोक. या शहराचा पोटापाण्याचा एक मोठा आधार म्हणजे भाईंदर पूर्वेचे गाळे, आणि भाईंदर म्हटलं की व्यापाऱ्याला आठवते ती स्टीलची भांडी. इथं शंभर माणसांचा कारखाना शोधावा लागतो. एका गाळ्यात सहा माणसं, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात चौदा. सर्कल एकीकडे कापलं जातं, ड्रॉइंग दुसरीकडे, कड्या तिसरीकडे, पॉलिश चौथीकडे. एक ताट चार-पाच गाळे फिरून दुकानात पोचतं. या साखळीतला प्रत्येक गाळा वीसच्या खाली आणि प्रत्येकात बोट कापणारं यंत्र.

जिथं माणसं जास्त होतात तिथं ती कमी दाखवण्याचे मार्ग या धंद्यात सगळ्यांना माहीत आहेत. एकाच छताखाली दोन फर्म: एक स्वतःच्या नावावर, दुसरी भावाच्या. मस्टरवर आठ, मशीनवर पंधरा. उरलेले ठेकेदाराचे किंवा नगावर काम करणारे. असं मस्टर माझ्याही टेबलावरून गेलेलं आहे. मालकानं जे दिलं ते मी लिहिलं. आज हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. पण मी एकटा प्रामाणिक झालो म्हणून हा प्रश्न सुटत नाही. माणसं मोजणारा कायदा असेल तर माणसं लपवणं फायद्याचंच ठरणार.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सुरक्षेच्या बाबतीत माणसं मोजणं बंद करा आणि यंत्रं मोजा. धोका यंत्रात असतो. पाचशे कामगारांच्या कारखान्यातली प्रेस आणि पाच कामगारांच्या गाळ्यातली प्रेस सारख्याच जोरानं खाली येते. उलट गाळ्यातली जास्त धोक्याची, कारण ती बहुधा मोठ्या कारखान्यानं वापरून विकलेली, जुनी, किल्लीच्या क्लचची असते. आणि तिथं ना सुरक्षा अधिकारी असतो, ना देखभालीचं वेगळं खातं. नव्या संहितेत सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती साधारण कारखान्याला ५०० कामगारांपासून आहे, धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्याला २५० पासून. भाईंदरच्या गाळ्यासाठी हे आकडे असून नसल्यासारखे.

यंत्र मोजणारा कायदा ही काही परदेशातून आणायची गोष्ट नाही. कोलकात्याला १८६३ साली बॉयलरचा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. १९२३ साली तो देशभराचा झाला, २०२५ साली नव्या रूपात आला. त्यात कामगार किती, हा प्रश्नच नाही. ठराविक क्षमतेवरचा बॉयलर असला की त्याची नोंद होते, त्याच्या अंगावर क्रमांक कोरला जातो आणि ठराविक मुदतीनं तपासून प्रमाणपत्र मिळतं. प्रमाणपत्र नसेल तर बॉयलर चालवता येत नाही. आपल्या इमारतीच्या लिफ्टचंही असंच. महाराष्ट्रात लिफ्टचा कायदा १९३९ पासून आहे. सोसायटीत वीस कुटुंबं आहेत की चार, हे न विचारता लिफ्टला परवाना लागतो, तपासणी लागते. मीरा रोडच्या सात मजली इमारतीतल्या लिफ्टची सरकारदरबारी नोंद असते, आणि तिथून जवळच्याच गाळ्यातल्या प्रेसची नसते.

शेतीतलं उदाहरण तर जास्तच बोलकं आहे. मळणीयंत्रात शेतमजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा संसदेनं १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा खास कायदा केला. त्यात मळणीयंत्राचं नाव घेऊन यंत्र बनवणाऱ्यावर आणि वापरणाऱ्यावर जबाबदारी टाकली. शेतावर माणसं किती, याची अट घातली नाही. शेतातल्या हाताच्या बाबतीत जे तत्त्व संसदेनं मान्य केलं, ते गाळ्यातल्या हाताला का लागू नये?

ब्रिटननं १९६५ साली नेमका पॉवर प्रेससाठीच नियम केला. प्रेस आणि तिचा गार्ड, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावलेला अडसर, ठराविक महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घ्यायचा. शिवाय डाय बसवल्यावर किंवा बदलल्यावर, आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत, शिकवून तयार केलेल्या माणसानं गार्ड पाहायचा आणि सही करायची. हा नियम पुढं १९९८ च्या नियमांत सामावला आणि आजही आहे. त्या सहीमागची समज साधी आहे. गार्ड ही एकदा बसवून विसरण्याची वस्तू नाही. डाय बदलली की तो निघतो, आणि निघालेला गार्ड पुन्हा बसेलच असं नाही.

मी ज्या गाळ्याबद्दल बोलतोय, तिथं भिंतीला एक लोखंडी जाळी टेकवून ठेवलेली होती. गंज चढलेला, वर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. मला ती खिडकीची वाटायची. मिस्त्रींनी सांगितलं, "तो गार्ड आहे, साहेब. ह्या डायला बसत नाही." नव्या डायसाठी नवा गार्ड करायला वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. पट्टी जाईल पण बोट जाणार नाही एवढी फट ठेवून पुढून जाळी, आणि अडकलेला तुकडा काढायला लांब दांड्याचा चिमटा. डाय घडवायला जो खर्च येतो त्यापुढं हा खर्च काहीच नाही.

इथं एक सावधगिरीही सांगायला हवी. हल्ली 'सेन्सर बसवला' असं मोठ्या समाधानानं सांगितलं जातं. हात आत गेला की प्रकाशाचा पडदा तुटतो आणि मशीन थांबतं. पण हे मधल्या मध्ये थांबू शकणाऱ्या प्रेसलाच लागू पडतं. म्हणजे जिला फ्रिक्शन क्लच आणि चांगला ब्रेक आहे तिलाच. किल्लीच्या क्लचची जुनी प्रेस सेन्सरनं ओरडून सांगितलं तरी फेरा पुरा केल्याशिवाय थांबत नाही. तिला पुढून बंद करणं, हाच उपाय. तपासायला येणाऱ्याला हा फरक कळत नसेल तर त्याच्या अहवालाचा उपयोग नाही. म्हणून यंत्राची तपासणी यंत्र जाणणाऱ्यानंच करायला हवी.

यावर तीन आक्षेप येतात. तिन्हींत तथ्य आहे, म्हणून ते झटकून टाकता येणार नाहीत.

पहिला आक्षेप 'इन्स्पेक्टर राज'चा. तपासनीस येतो, चहा घेतो, पाकीट घेतो आणि जातो, असं गाळेवाले सांगतात, आणि सगळेच खोटं सांगत नाहीत. पण पाकिटाचा उगम कशात आहे, ते पाहा. नियम शंभर असतात, प्रत्येकात काही ना काही चूक निघू शकते आणि काय पाहायचं हे तपासनीसाच्या मर्जीवर असतं, तेव्हा पाकीट जन्माला येतं. 'प्रेस क्रमांक अमुक, गार्ड आहे की नाही, किल्ली आणि स्प्रिंग कधी बदलली,' एवढे तीन प्रश्न, सोबत फोटो, आणि तो अहवाल गाळ्याच्या दारावर लावलेला, अशी तपासणी असेल तर मर्जीला जागाच उरत नाही. तपासणी भ्रष्ट आहे म्हणून ती काढून टाकायची, हा उपाय आपण पोलीस ठाण्याला किंवा अन्नभेसळीच्या खात्याला सुचवत नाही. कामगाराच्या बोटांनाच तो का सुचवतो?

भारतानं १९४९ सालीच आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा श्रम-तपासणीचा ८१ क्रमांकाचा करार मान्य केलेला आहे. पूर्वसूचना न देता कामाच्या जागी शिरण्याचा तपासनीसाचा हक्क आणि गरज असेल तितक्या वेळा, तितक्या बारकाईनं तपासणी, हे त्या कराराचं सार. नव्या संहितेत तपासनीसाचं नाव 'निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता' झालं आहे. मालकाला सल्ला आणि मदत मिळावी, हे मलाही हवं आहे. पण सल्ला द्यायलासुद्धा त्याला गाळ्यात यावं लागेल, आणि ज्या गाळ्याची नोंदच नाही तिथं तो येणार कसा?

दुसरा आक्षेप असा, की तपासणी वाढली तर छोटे धंदे बंद पडतील, रोजगार जाईल. हा आक्षेप अंदाजानं घेतला जातो, पण याचा पडताळा झालेला आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सुरक्षा खात्यानं ज्या कामाच्या जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडून तपासल्या, त्यांची तुलना तशाच न तपासलेल्या जागांशी केली गेली. हा अभ्यास २०१२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. तपासलेल्या ठिकाणी इजा ९.४ टक्क्यांनी कमी झाल्या आणि इजांवरचा खर्च २६ टक्क्यांनी. नोकऱ्या, विक्री किंवा धंदा टिकणं यावर वाईट परिणाम आढळला नाही. कॅलिफोर्निया म्हणजे भाईंदर नव्हे, हे मान्य. पण मग 'तपासणीनं धंदा बुडतो' असं म्हणणाऱ्यानंही त्याचा पुरावा द्यायला हवा.

तिसरा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो: "कामगारच गार्ड काढून ठेवतात." काढतात, हे खरं. नगावर पैसे मिळत असतील तर गार्डमुळे दर तासाला सुटणारे नग त्याच्या घरखर्चातून जातात. मुलाची फी आणि स्वतःचं बोट यांत त्याला निवड करायला लावणारी मजुरीची पद्धत त्यानं ठरवलेली नाही. काढता येईल असा गार्ड बनवणं, तो काढल्यावरही प्रेस चालू राहणं, हे निर्णय दुसऱ्या कुणीतरी घेतलेले आहेत. गार्ड उघडला की पॅडल जाम होईल, अशी व्यवस्था फार जुनी आणि सोपी आहे. ती असेल तर कुणाच्या शहाणपणावर विसंबून राहावं लागत नाही.

या प्रश्नाकडे आपलं लक्ष जात नाही, कारण आपलं लक्ष स्फोटाकडे जातं. भोपाळच्या १९८४ च्या काळरात्रीनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण घातलं गेलं. डोंबिवलीला २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला, बारा माणसं गेली. २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा स्फोट झाला. मुळशी तालुक्यातल्या उरवड्याला ७ जून २०२१ च्या आगीत सतरा कामगार जळून गेले, त्यांतल्या बहुतेक स्त्रिया. अशा वेळी मंत्री येतात, समिती बसते, अहवाल मागवला जातो. त्या अहवालांचं पुढं काय होतं हा वेगळा विषय, पण निदान प्रश्न तरी विचारला जातो. एका बोटासाठी समिती बसत नाही. बोट एका वेळी एकच जातं, बंद शटरच्या आत जातं, आणि गेलेलं बोट रुमालात गुंडाळून रिक्षातून रुग्णालयात जातं. वर्षभरात एका शहरात अशी किती बोटं गेली, हे कुणी एकत्र मांडत नाही.

आकडेच पाहा. केंद्राच्या कारखाना सल्लागार महासंचालनालयाच्या नोंदींनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांत दर वर्षी सरासरी १,१०९ मृत्यू झाले, आणि जखमी चार हजारांच्या वर. म्हणजे एका मृत्यूमागे साधारण चार जखमी. ब्रिटनमध्ये २०२२-२३ या वर्षात कामावर १३५ मृत्यू नोंदले गेले, आणि मालकांनी स्वतः कळवलेल्या इजा ६० हजारांहून अधिक. एका मृत्यूमागे साडेचारशे. दोन देशांच्या नोंदीचे नियम सारखे नाहीत, हे धरूनही एवढी तफावत राहू शकत नाही. आपल्याकडे माणूस जखमी न होता थेट मरतो, असं तर नाही! मृत्यू लपवता येत नाही म्हणून तो कळतो. इजा लपवता येते म्हणून ती कळत नाही. आणि हे नोंदणीकृत कारखान्यांचं चित्र. ज्याची नोंदच नाही त्या गाळ्याचा आकडा या चारांतही नाही.

सरकारला छोटा गाळा सापडत नाही, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या टेबलावर येऊन बसावं. महापालिकेला प्रत्येक गाळ्याचं क्षेत्रफळ माहीत आहे, कारण कर लावायचा असतो. वीज कंपनीला कुठल्या मीटरवर किती अश्वशक्तीचा भार आहे हे माहीत आहे. जीएसटी खात्याला किती पत्रा आत आला आणि किती भांडी बाहेर गेली हे माहीत आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं करण्याचा आदेश काढला, म्हणजे भांड्याचा पत्रा दर्जाला उतरतो की नाही हे पाहण्याची इच्छा आणि यंत्रणा दोन्ही आहेत. ताटाचा दर्जा पाहणारं सरकार ताट घडवणाऱ्या हातापर्यंत पोचू शकत नाही, हे मला पटत नाही. ते पोचत नाही, कारण तिथं पोचायचं असं त्यानं ठरवलेलं नाही.

ठरवलं तर करायच्या गोष्टी अवघड नाहीत. ज्या आस्थापनेत धोकादायक किंवा जिवावर बेतणारं काम चालतं असं केंद्र सरकार जाहीर करील, तिला माणसांच्या संख्येची अट लागू होणार नाही, अशी सोय संहितेतच आहे. जुन्या कायद्याच्या ८५ व्या कलमात तसा अधिकार राज्याला होता. केंद्र सरकारनं पॉवर प्रेस, शिअरिंग, रोलिंग आणि मोल्डिंग ही यंत्रं जिथं चालतात ती कामं अशी जाहीर करावीत. गाळ्यात एक माणूस असो की एकोणीस. मग प्रत्येक प्रेसला बॉयलरसारखा क्रमांक द्यावा. वीज कंपनीकडच्या भाराच्या नोंदींवरून ही यादी मीरा-भाईंदरसारख्या शहरात काही महिन्यांत उभी राहील. वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी, तिचं शुल्क सरकारनं ठरवलेलं, आणि पहिल्या गार्डसाठी छोट्या गाळ्याला अर्थसाहाय्य. मालकही बहुतेक वेळा कालचा कामगारच असतो. त्याला नुसता दंडाचा धाक दाखवून हा बदल होणार नाही.

दुसरी गोष्ट रुग्णालयांची. ठराविक व्यवसायजन्य रोग आढळला तर डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवावं, हे १९४८ च्या कायद्यातच होतं. तेच कामावरच्या इजेला लावावं. कापलेलं बोट घेऊन आलेला कामगार ज्या रुग्णालयात येईल, तिथून एक ओळीचा निरोप औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला जावा: कुठला गाळा, कुठलं यंत्र. मालकानं अपघात कळवावा यावर विसंबून राहण्यात काय अर्थ आहे, हे चारास एक या प्रमाणानं दाखवून दिलंच आहे.

तिसरी गोष्ट दंडाची. नव्या संहितेत नियम मोडल्यामुळे गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाखांचा दंड, मृत्यू झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाखांचा दंड, आणि त्यातली किमान निम्मी रक्कम पीडिताला देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. ही तरतूद चांगली आहे आणि तिचं स्वागत करायला हवं. पण दंड बोट गेल्यावर होतो. बोट जाऊ नये यासाठी कुणीतरी आधी यावं लागतं.

शीवला १९६६ पासून केंद्रीय श्रम संस्था आहे. भाईंदरहून लोकलनं तास-दीड तासाचं अंतर. यंत्रांची सुरक्षा शिकवणारी, देशभरातून माणसं प्रशिक्षणाला येणारी ही संस्था. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर फलक लागतात, कामगार रांगेत उभे राहून शपथ घेतात. ज्ञान आपल्याकडे आहे. ते गाळ्याच्या जिन्यावरून वर चढत नाही, एवढंच. त्याला वर आणण्यासाठी कायद्यानं आधी तो जिना पाहायला हवा.

माझ्यापुरतं मी एक ठरवलं आहे. ज्यांचे हिशेब मी लिहितो, त्यांच्या वार्षिक कागदांत मी स्वतःहून एक रकाना घालायला सुरुवात केली आहे. कुठल्याही खात्यानं तो मागितलेला नाही. प्रेस किती, गार्ड किती. बहुतेक ठिकाणी पहिला आकडा दुसऱ्याहून मोठा येतो. मालकाला तो दाखवला की तो जरा गप्प होतो. दोघा मालकांनी वेल्डरला बोलावलं. मिस्त्रींच्या गाळ्यात आता चार प्रेस आणि तीन गार्ड आहेत, आणि चौथ्याचं माप घेऊन झालं आहे.

हा रकाना सरकारनं प्रत्येक गाळ्याला सक्तीचा करावा, एवढीच मागणी आहे. त्या दिवशी प्रेसवर जाळी असती, तर किल्ली झिजली तरी हात बाहेर राहिला असता, आणि पाय उचलला होता की नव्हता, हे मिस्त्रींना आयुष्यभर कुणाला पटवून द्यावं लागलं नसतं.